सिनॉप्सिस मृगाच्या आधी द्या

या एप्रिलमध्ये आमच्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फायनल इयरचं प्रोजेक्ट एक्झिबिशन होतं, कॉम्प्युटर आणि आयटी दोन्ही ब्रँचचं. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, म्हणजे स्टॉल पाहायचे, पोरांना दोन-चार प्रश्न विचारायचे आणि शेवटी स्टेजवर थोडं बोलायचं. बाबांचं बँकेत पीक कर्जाचं काम होतं म्हणून तेही सोबत आले. हॉलमध्ये कूलर लावलेले, टेबलांवर पांढऱ्या चादरी, मागं फ्लेक्स, प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप आणि चार-चार पोरं फॉर्मल घालून उभी. एका टेबलावर क्रॉप रेकमेंडेशन सिस्टीम होती. जमिनीतलं नत्र, स्फुरद, पालाश, सामू, तापमान, आर्द्रता, पाऊस टाकायचा आणि कोणतं पीक घ्यायचं ते मशीन सांगणार. ॲक्युरसी, म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण, ९९ टक्के, फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात. बाबा तिथं थांबले, चष्मा पुसला, पिकांची यादी वरून खालपर्यंत वाचली आणि त्या पोरीला विचारलं, "बाई, याच्यात सोयाबीन कुठी हाये?"

"काका, सोयाबीन डेटासेटमध्ये नाहीये."

"अन् गहू?"

"गहू पण नाही."

बाबा "बरं" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पोरीचा चेहरा उतरला. मला तिचं वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती, तिला तो प्रश्न चार वर्षांत कोणीच विचारला नव्हता, ना गाईडनं, ना रिव्ह्यूच्या पॅनलनं.

हा डेटासेट, म्हणजे मशीनला शिकवायला वापरलेली नोंदींची यादी, मला माहीत आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो, देशभरातले विद्यार्थी तोच वापरतात. २२०० ओळी आहेत, २२ पिकं, प्रत्येकाच्या बरोबर १०० ओळी. त्यात कॉफी आहे, नारळ आहे, सफरचंद आहे, ताग आहे. कापूस आणि तूर आहे हे खरं, पण सोयाबीन नाही, गहू नाही, ज्वारी नाही. आता खरिपात यवतमाळहून वाशिमकडे किंवा अमरावतीकडे गाडीनं निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं? पऱ्हाटी म्हणजे कपाशी, सोयाबीन, मधात तुरीच्या ओळी. ज्या मशीनला सोयाबीन हा शब्दच माहीत नाही ते इथल्या माणसाला काय पेरायचं हे कसं सांगणार, आणि मग ९९ टक्के म्हणजे कशाचे ९९ टक्के?

दोन टेबलं सोडून पानावरून रोग ओळखणारं ॲप होतं. हे तर दरवर्षी असतंच, एकेका बॅचमध्ये दोन-तीन ग्रुप तेच करतात. त्यामागं प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा डेटासेट आहे, ५४,३०६ फोटो, १४ पिकं, पीक आणि रोग मिळून ३८ प्रकार. टोमॅटो, बटाटा, द्राक्ष, मका, सफरचंद, चेरी, ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी. कापूस नाही. तूर नाही. सोयाबीन आहे पण फक्त निरोगी पानं, म्हणजे रोग ओळखायचा प्रश्नच येत नाही. संत्रं आहे, पण त्याचा एकच रोग आहे, ग्रीनिंग. वरुड-मोर्शीच्या बागाईतदाराला डिंक्यानं आणि कोळशीनं हैराण केलं, ते त्यात नाही. बरं, हे फोटो पान तोडून साध्या एकरंगी कागदावर ठेवून काढलेले आहेत. आपल्या वावरात पानावर धूळ असते, फवाऱ्याचे डाग असतात, मागं गवत असतं, कडक ऊन असतं, एका पानाची सावली दुसऱ्यावर पडते.

२०१६ मध्ये ज्या संशोधकांनी या फोटोंवर मॉडेल, म्हणजे फोटो पाहून रोग सांगणारा प्रोग्राम, शिकवलं त्यांना त्याच डेटासेटमधल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के ॲक्युरसी मिळाली. मग त्यांनी वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरचे फोटो त्याच मॉडेलला दाखवले, तर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली. आणि हे त्यांनी लपवलं नाही, त्याच पेपरमध्ये छापलं. मला त्या पेपरमधला सगळ्यात मोलाचा आकडा हाच वाटतो. पण आपल्याकडच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फक्त पहिला आकडा येतो, दुसरा कोणी काढतच नाही, कारण त्यासाठी लॅपटॉप बंद करून वावरात जावं लागतं.

बाकीचे स्टॉल लवकर सांगतो. घराची किंमत सांगणारं एक होतं, त्याचा डेटा अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचा, ५०६ ओळी, १९७० च्या दशकातला, आणि त्यात वस्तीतल्या काळ्या लोकांच्या प्रमाणावरून काढलेला एक कॉलम आहे म्हणून सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तो डेटासेट आपल्या लायब्ररीतून काढूनही टाकला. मुक्या-बहिऱ्यांसाठी हाताच्या खुणा वाचणारं एक होतं, छान चालत होतं, पण खुणा अमेरिकन, एका हाताच्या. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दाखवताना बहुतेक अक्षरांना दोन्ही हात लागतात. त्या कॉलेजच्या आसपास कुठल्या मूकबधिर शाळेत जाऊन त्या पोरांनी एक तास घालवला असता तर पहिल्या दहा मिनिटांत हे कळलं असतं.

आता मी पोरांना नावं ठेवतोय असं कोणाला वाटू नये. मी स्वतः काय केलं ते सांगतो. माझ्या फायनल इयरला आम्ही चौघांनी पैसे जमा करून प्रोजेक्ट विकत आणला होता. शहरात अशी दुकानं असतात, विषय निवडा, कोड, पीपीटी, छापील रिपोर्ट सगळं मिळतं, वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, काय विचारतील त्याचे प्रश्नोत्तरंही मिळतात. बाबांना मी सांगितलं की पार्ट आणायचे आहेत. त्यांनी तूर विकून आलेल्या पैशातून दिले. एक्सटर्नलनं, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकानं, कोड उघडून पाहिला नाही, रिपोर्टचं बाइंडिंग पाहिलं, आऊटपुट दाखवा म्हणाले, दाखवलं, चांगले मार्क मिळाले. मला ते पैसे आजही आठवतात. म्हणूनच मी हे लिहितोय, पोरं आळशी असतात म्हणून प्रोजेक्ट विकत आणतात हे मला पटत नाही, जो विषय जागेवर बसून कोणाकडूनही मिळतो तो विकतही मिळणारच. तुमच्या गावच्या वावरातले तुम्ही काढलेले चारशे फोटो मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. विदर्भातल्या ग्रामीण भागातल्या कॉलेजांनी फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय मे महिन्यात, सहावं सेमिस्टर संपता-संपता पक्का करावा. मृग लागायच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आधी सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा थोडक्यातला आराखडा, जमा झाला पाहिजे. आणि मार्कांचा मोठा हिस्सा पोरांनी स्वतः गोळा केलेल्या माहितीला असला पाहिजे.

मेच का, तर सध्याचं कॅलेंडर पाहा. बहुतेक ठिकाणी सातव्या सेमिस्टरला ग्रुप बनतात, गाईड मिळतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विषय, ऑक्टोबरमध्ये सिनॉप्सिस, दिवाळी, परीक्षा, आणि खरं काम जानेवारीत सुरू होतं. आता पऱ्हाटीचं कॅलेंडर पाहा. जूनमध्ये लागण, ऑगस्टमध्ये पाती-फुलं, सप्टेंबरपासून बोंडअळीचं भय, दसरा-दिवाळीला वेचणी, आणि जानेवारीपर्यंत पऱ्हाटी उपटायची, फरदड, म्हणजे जुन्याच झाडावर पुढचं पीक, ठेवू नका म्हणून कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो. सोयाबीन तर दसऱ्याच्या आसपास निघून जातं. म्हणजे पोरगा जेव्हा कोड लिहायला बसतो तेव्हा वावरात पानच नसतं, मग तो बिचारा काय करेल, इंटरनेटवरून टोमॅटोचं पान आणेल नाही तर काय. आपण त्याला कॉपी करतो म्हणतो पण त्याला खरं काम करायचा महिनाच आपण देत नाही. हे एवढं साधं आहे आणि तरी मी कोणत्याच मीटिंगमध्ये हा मुद्दा निघालेला ऐकला नाही.

एक उदाहरण जरा खोलात सांगतो, कारण मला वाटतं संशोधन म्हणजे काय ते याच्यातच कळतं. आपल्याकडे पऱ्हाटीवर लाल्या येतो. पानं लाल पडतात, कडा वाळतात, पानं गळतात. आता लाल्या हा बुरशीचा रोग नाही, मॅग्नेशियम-नत्राची कमतरता, रात्रीचं तापमान एकदम उतरणं, जमिनीत ओल नसणं किंवा पाणी तुंबणं, अशा कारणांनी होतो. पण तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानाच्या कडा लाल होतात आणि पान वाटीसारखं वळतं. दोन्ही लाल. पहिल्याला मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं असतं, दुसऱ्याला कीटकनाशक. शेतकरी दुकानात पान घेऊन जातो, दुकानदार जे देईल ते मारतो. फोटोवरून हे दोन लाल वेगळे ओळखता येतात का, कितपत येतात, पानाची खालची बाजू दाखवली तर फरक पडतो का, सकाळचा फोटो आणि दुपारचा फोटो यात मशीन गोंधळतं का, हा अगदी नवा आणि अवघड कॉम्प्युटरचा प्रश्न आहे. याला मोठी लॅब लागत नाही, सातशे-आठशे फोटो, मोबाईल आणि कृषी विज्ञान केंद्रातला एक माणूस लागतो जो प्रत्येक फोटोला हा लाल्या, हे तुडतुडे असं सांगेल. आणि उत्तर ७० टक्के आलं तरी ते आपलं ७० टक्के असेल.

आणि चुकीच्या उत्तराची किंमत आपल्या जिल्ह्यानं मोजलेली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं अख्ख्या विदर्भाचा कापूस खाल्ला. एखादं ॲप विनाकारण "फवारा" म्हणत असेल तर तो डेमोमधला बग राहत नाही, कोणीतरी पंप पाठीवर घेतो आणि भर उन्हात पऱ्हाटीत शिरतो, बहुतेक वेळा तो रोजंदारीवरचा माणूस असतो. ज्या पोरानं हे प्रत्यक्ष पाहिलं आहे, ज्याच्या घरचं कोणी तेव्हा दवाखान्यात होतं, तो ९९ टक्के हा आकडा फ्लेक्सवर छापायच्या आधी दहा वेळा विचार करेल, आणि तसा विचार करायला शिकवणं हे मला इंजिनिअरिंग शिक्षणाचं काम वाटतं.

गुलाबी बोंडअळी तर पानावरून दिसतच नाही, ती बोंडाच्या आत असते. तिच्यासाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतात, एकरी दोन, आणि सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असं धरतात. वाधवानी एआय या संस्थेनं कॉटनएस नावाचं ॲप केलं ते हेच करतं, सापळ्यातले पतंग पांढऱ्या कागदावर झटकायचे, फोटो काढायचा, ॲप मोजतं आणि सल्ला देतं, आणि गावात नेटवर्क नसतं म्हणून मॉडेल लहान करून ऑफलाईन चालेल असं केलं. पाहा, हुशारी कुठं आहे, प्रश्न निवडण्यात. कोणीतरी आधी वावरात उभं राहून पाहिलं की शेतकऱ्याला नेमकं काय मोजायचं असतं. आपली पोरं तर त्या वावरातच जन्मली आहेत.

शेती नको असेल तर शेतीच करा असंही मी म्हणत नाही. पाऊस घ्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर अतिवृष्टी धरतात, त्यावर सरकारी मदत ठरते, आणि मंडळातलं यंत्र एका गावात असतं, तुमचं गाव दहा किलोमीटरवर असतं, तिथं ढगफुटी झाली आणि यंत्राकडे कोरडं राहिलं तर काय? दहा गावात दहा साधी पर्जन्यमापकं लावून एक पावसाळा रोज सकाळी आकडा लिहिला, आणि मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर तो डेटा सरकारच्याही कामाचा आहे. किंवा आवाज घ्या. मोबाईलला मराठी बोललेलं कळतं म्हणतात, माझ्या आजीला ते वापरून पाहायला लावलं, ती "वावरातल्या पऱ्हाटीले डवरा द्यायचा हाये" म्हणाली आणि स्क्रीनवर जे उमटलं त्याचा तिच्या बोलण्याशी काही संबंध नव्हता. वऱ्हाडी बोलणाऱ्या पन्नास म्हाताऱ्या माणसांचा आवाज रेकॉर्ड करणं, त्यांची परवानगी घेऊन, शब्द न् शब्द लिहून काढणं, याला आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणतच नाहीत, डेटा एन्ट्री म्हणतात. मेळघाटातली कोरकू, यवतमाळकडची कोलामी, गडचिरोलीची गोंडी, या भाषा बोलणारी पोरंपोरी आपल्याच कॉलेजांत शिकतात आणि प्रोजेक्ट म्हणून इंग्रजी मूव्ही रिव्ह्यूचं सेंटिमेंट ॲनालिसिस, म्हणजे रिव्ह्यू चांगला की वाईट ते मशीनकडून ओळखणं, करतात. हे पाहून मला खरंच त्रास होतो.

याच्यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकले आहेत, काहींमध्ये दमही आहे. सगळ्यात मोठा प्लेसमेंटचा. पोरगा म्हणतो, सर, पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला पऱ्हाटीचं पान सांगू का? मी सांग म्हणतो. मी स्वतः आता नव्या पोरांच्या मुलाखती घेतो, आणि चेहऱ्यावरून अटेंडन्स हा प्रोजेक्ट दहातल्या सहा जणांच्या बायोडाट्यात असतो, त्यावर तिसरा प्रश्न विचारला की संपतं. पण ज्यानं चारशे फोटो स्वतः काढले त्याला विचारा की कुठं चुकलं, तो अर्धा तास बोलतो, कारण ते त्याच्या अंगावरून गेलेलं असतं. दुसरा आक्षेप मशीनचा, की मॉडेल शिकवायला लागणारे महागडे जीपीयू, म्हणजे ताकदवान प्रोसेसर, आमच्याकडे नाहीत. लहान डेटाला लहानच मॉडेल लागतं, मोबाईलवर चालणारी मोबाईलनेटसारखी मॉडेलं २०१७ पासून फुकट आहेत, आणि इंटरनेटवर काही तास फुकट जीपीयू मिळतो. नेट कॉलेजमध्ये असतंच. तिसरा आक्षेप मुलींचा, की त्यांना वावरात कसं पाठवायचं, हॉस्टेलच्या वेळा, घरचे सोडत नाहीत. हा आक्षेप मी हलका घेत नाही. पण पोळ्याला, दिवाळीला त्या घरी जातातच, फोटो स्वतःच्या गावातले, स्वतःच्या आईसोबत काढता येतात, आणि निंदणाला-वेचणीला जाणारी आई पानाबद्दल जे सांगेल ते कोणत्या पुस्तकात नाही.

चौथा आक्षेप एका सरांनी मला तिथंच एक्झिबिशनमध्ये सांगितला, आणि तोच खरा आहे. ते म्हणाले, पोरानं खरंखुरं काम करून ६५ टक्के ॲक्युरसी आणली आणि शेजारच्या ग्रुपनं इंटरनेटवरचा डेटा लावून ९८ आणली तर एक्सटर्नल कोणाला जास्त मार्क देतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी मार्कांबद्दल एवढं बोलतोय. शंभरातले चाळीस मार्क माहितीला द्या, किती दिवस गेले, किती वावरं पाहिली, कोणी ओळखून दिलं, किती फोटो टाकून द्यावे लागले आणि का. वीस मार्क मॉडेल कुठं चुकतं हे सांगायला द्या, चुकलेले फोटो रिपोर्टमध्ये छापून. उरलेल्या चाळीसात कोड, पीपीटी, बाइंडिंग सगळं बसवा. एवढा बदल केला तर दुकानांचा धंदा आपोआप कमी होईल, वेगळी समिती नेमायची गरज नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतीतल्या एआयसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटी ठेवले, चांगलं केलं, पण त्या मॉडेलांना खायला विदर्भातली पानं, विदर्भातला आवाज कोण पुरवणार? अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून, पान ओळखणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, आणि मोबाईल चालवणारी पोरं तर घरोघर आहेत, या दोघांना जूनमध्ये एकत्र आणणारा तेवढा मधात कोणी नाही.

अजून एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. प्रोजेक्ट संपला की रिपोर्ट डिपार्टमेंटच्या कपाटात जातो आणि काही वर्षांनी रद्दीत. पुढची बॅच पुन्हा शून्यापासून. त्यापेक्षा एकाच विषयावर पाच बॅच चालू द्या. पहिल्या वर्षीच्या पोरांनी फक्त फोटो आणि नोंदी केल्या तरी पूर्ण मार्क द्या, दुसऱ्या बॅचनं त्यात दुसरा हंगाम जोडावा, तिसरीनं मॉडेल करावं, चौथीनं ते गावात वापरून पाहावं. पाच खरीप म्हणजे एखादं पावसाचं वर्ष, एखादं कोरडं वर्ष, २०२३ सारखं सोयाबीनवर पिवळा मोझॅक आलेलं एखादं वर्षही त्यात येईल. आपलंच काम नवं दिसलं पाहिजे या हट्टापायी आपण ते करत नाही, दरवर्षी नवा टायटल पाहिजे, जुना टायटल दिला तर गाईड परत पाठवतो.

आणि एक्झिबिशन हॉलमध्ये घेऊ नका, बाजाराच्या दिवशी घ्या, बाजार समितीच्या शेडमध्ये किंवा ग्रामपंचायतीच्या पटांगणात. पाहुणे म्हणून कृषी सहायक, मजूर बाया, दोन कृषी केंद्रवाले बोलवा. त्यांनी आपलं पान आणावं आणि मोबाईल समोर धरावा. पोरांना घाम फुटेल, फुटू द्या, बाबांनी विचारला तसा एक प्रश्न तीन रिव्ह्यूंपेक्षा जास्त शिकवून जातो.

त्या दिवशी स्टेजवर मी दोन शब्द बोलण्याऐवजी हेच सगळं बोललो, वेळ जास्त घेतला. खाली उतरल्यावर ती क्रॉप रेकमेंडेशनवाली पोरगी आणि थर्ड इयरची तीन पोरं भेटायला आली. तिचं तर यंदा संपलं, पण तिचा लहान भाऊ थर्ड इयरला त्याच कॉलेजात आहे, त्याच्यासाठी विचारत होती. बाबा बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, धुऱ्याकडची चार तासं, म्हणजे चार ओळी, पऱ्हाटीची तुमची, तिथं फवारा मारायच्या आधी मी तुमाले फोन करीन, या अन् फोटो काढून घ्या. सापळे आणि त्यातली वासाची गोळी, म्हणजे ल्युर, मी आणतो असं मी पोरांना सांगितलं. पोरांना फक्त एकच अडचण आहे, त्यांच्या कॉलेजात विषय अजूनही सप्टेंबरमध्येच मंजूर होतात, त्यांनी एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, मेमध्ये अर्ज दिलाय.